जूनमधल्या दुपारचे दिवे

६ नोव्हेंबर २००६

आजपासून माझ्या घरातल्या सत्तावीस दिव्यांच्या मानगुटीवर सत्तावीस डब्या बसल्या आहेत. कुठला दिवा कधी लावला, कधी मालवला, सगळं त्या डब्या दर दहा मिनिटांनी टिपून ठेवणार. विद्यापीठातून तुवा नावाची मुलगी आली होती. तिशीची असेल, नाकात खडा, खांद्यावर शिडी. लोक घरात दिवे कसे वापरतात आणि काटकसरी दिवे लावले तर किती वीज वाचते, हे पुढच्या ऑगस्टपर्यंत मोजायचं आहे म्हणे. चारशे घरं निवडली आहेत, त्यात एक माझं.

मी तिला म्हटलं, "पोरी, जरा खिडकीबाहेर बघ. ती नदी दिसते ना? तिच्यावर धरणामागून धरणं बांधली. माझ्या माहेरचं कुरण पाण्याखाली गेलं. माझा नवरा चौतीस वर्षं त्या धरणावर राबला. वीज सगळी गेली दक्षिणेला, दुकानांच्या काचेतल्या बाहुल्या उजळायला. आणि काटकसर कुणी शिकायची? मी?"

ती शिडीवरूनच म्हणाली, "मलाही हेच वाटतं हो. पण आकडे दाखवल्याशिवाय कुणी ऐकत नाही." मुलगी वाईट नाही.

मी या भानगडीत पडले ती उल्रिकामुळे. माझी लेक लांब शहरात, उमेओत बसून फोनवर मला सांगते, "आई, तुझ्या घरात दिवे फार जळतात हल्ली." जळतात! माझ्या नवऱ्याच्या, एव्हर्टच्या घरात खोलीतून उठलेला माणूस दिवा मालवूनच उठायचा, आणि तो जाऊन नऊ वर्षं झाली तरी मी तेच करते. आता आकडेच तिचं तोंड बंद करतील.

मी घरी नसेन ते दिवस लिहायला तुवाने एक वही दिली, आणि चुकून दुसरीही तिच्याबरोबर आली. ती दुसरी म्हणजे ही. हिच्यात मी माझं लिहिणार.

१४ नोव्हेंबर

अजून राग गेलेला नाही. दुकानातून येत होते. दुपारचे तीन, म्हणजे आमच्या उत्तरेत या दिवसांत अंधार झालेलाच. गावात शिरायच्या वळणावर अगदी गाडीच्या नाकापाशी काहीतरी काळं उगवलं. मी चाक फिरवलं, आरसा कशाला तरी घासला. थांबून पाहते तर शेजारचा हिल्डिंग! आपली ती बर्फावरून पायाने रेटायची घसरगाडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा.

मी दार उघडून जी सुरुवात केली! "माणूस आहेस की सावली? अडुसष्ट वर्षांचा घोडा झालास, अंगावर चमकणारी पट्टी लावायची अक्कल नाही? हातात एक दिवा धरता येत नाही? आंधळा मेला! मी नसते आणि दुसरं कुणी असतं तर आज तुला पोचवूनच गेलं असतं!"

त्याने स्वतःच्या छातीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, बार्ब्रू." एवढंच. ना माफी, ना काही.

अशा माणसांमुळेच अपघात होतात.

३ डिसेंबर

नाताळच्या आधीचा पहिला रविवार. खिडक्यांमध्ये कागदी चांदण्या टांगल्या, सात दिव्यांच्या कमानी मांडल्या. आमच्याकडे पडदे कुणी ओढत नाही. खिडकीतला दिवा जितका आपल्यासाठी तितकाच रस्त्यासाठी. संध्याकाळी सहापर्यंत हिल्डिंगच्या स्वयंपाकघरात दिवा लागला नाही तर मी फोन करायचा, माझा लागला नाही तर त्याने, हे एव्हर्ट गेल्यापासून ठरलेलं आहे.

पण त्याच्या खिडक्या यंदा बघवत नाहीत. मेणचट, धुरकट, कमानीतले सात दिवे सगळे मिळून एक डाग. मी फोन केला. "हिल्डिंग, सणासुदीला तरी चांगले बल्ब लाव. तुझं घर सुतकात असल्यासारखं दिसतंय."

"कालच नवे लावले," म्हणाला.

"मग दुकानदाराने तुझ्या तोंडाला पानं पुसली."

त्यावर त्याने फोन ठेवला.  हल्ली कॉफीला येतो तो रस्त्याने नाही, घरांमागच्या झाडीतून, गुडघाभर बर्फ तुडवत. येतो तेव्हा पार भिजलेला. "चांगला साफ केलेला रस्ता सोडून तू हरणासारखा झाडीतून कशाला हिंडतोस?" विचारलं तर म्हणे व्यायाम होतो. म्हातारा चळला.

१६ जानेवारी २००७

तुवा आली आणि माझे सगळे जुने बल्ब काढून घेऊन गेली. त्या जागी ते काटकसरी दिवे. पिळलेल्या शेवयांसारखे दिसतात आणि जळतातही तसेच. बटण दाबा, मग वाट पाहा, मग मेहेरबानी झाल्यासारखा उजेड येतो. आला तरी कसला? दुधाच्या पातेल्यात तोंड घातल्यासारखं वाटतं.

"हे असले दिवे तुझ्या आजीला लावून दे," मी म्हटलं.

तिने पिशवीतून उजेड मोजायचं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं. "जुन्यापेक्षा थोडा जास्तच आहे बघा. पहिलं मिनिट जाऊ द्या फक्त."

यंत्राला काय, ते त्यांचंच यंत्र. मी कॉफीच्या पाकिटावरची तारीख वाचून दाखव म्हटलं, तर तिने धडाधडा वाचली. तरुण डोळे! असल्या मुलांनी दिवे बनवायचे आणि आम्ही त्यात चाचपडायचं. मी तोंडावर सांगून टाकलं, "ही बचत नाही. ही शुद्ध फसवणूक आहे." तिने ते लिहून घेतलं. निदान लिहून तरी घेतलं.

९ फेब्रुवारी

आमच्या टपालपेट्या रस्त्यावर पुढे सरकवल्या आहेत! कुणाला न विचारता! आज मी नेहमीसारखी वळले आणि धाडकन आवाज. माझी पेटी आडवी, गाडीचा उजवा दिवा फुटलेला. पोस्टात फोन करून त्या बाईला असं सुनावलं की ती दोन वेळा खोकली. ती म्हणते, अकरा वर्षांत पेट्या हलवलेल्या नाहीत. खोटं बोलतात आणि वर सौजन्याने बोलतात.

समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवेही हल्ली बघा. एकाचे दहा होऊन सगळीकडे पसरतात. कारखानदारांना विचारणारं कुणी राहिलं नाही.

फुटलेला दिवा तालुक्याच्या गॅरेजात गुपचूप बदलून आणला. उल्रिकाला कळायला नको.

१८ मार्च

उल्रिका दोन दिवस राहून गेली. गेली ते बरं झालं. पहिल्याच संध्याकाळी कपाटातून पुढचे कप काढले, खिडकीपाशी धरले आणि सगळे पुन्हा धुवायला घेतले. माझ्यासमोर! मग गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

"आई, हा उजवा दिवा नवा कसा?"

"जुना झाला होता."

"एकच?"

"दोन्ही एकदम जुने व्हायला ते काय जुळे आहेत?"

मग तिने पिशवीतून कागद काढले. उमेओतला फ्लॅट. एक खोली, लिफ्ट, खाली दुकान. "आई, अगं दुकान चाळीस किलोमीटरवर, बस बंद झालेली. गाडी आहे तोवर ठीक. पण गाडी चालवणं सुटलं की तुला इथे एक आठवडा राहता येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे."

ठाऊक आहे. मला चांगलं ठाऊक आहे. गाडी गेली की घर गेलं, नदी गेली, एव्हर्टने लावलेलं बर्चचं झाड गेलं, सगळं गेलं. म्हणून तर गाडी जाणार नाही. मी ते कागद घडी करून तिच्याच पिशवीत परत कोंबले. तिचे डोळे भरून आले. माझे नाही आले.

त्या शेवयांच्या उजेडात भरतकाम होत नाही. माळ्यावरून एव्हर्टचे कामाचे दोन दिवे आणले, शंभर शंभर वॉटचे, तारेच्या जाळीतले. टेबलावर दोन बाजूंनी लावले. तुवाने जास्तीच्या डब्या ठेवल्या होत्या, त्या दोन्हींना लावल्या. मी प्रामाणिक बाई आहे. मोजा म्हणावं.

२ मे

वर्तमानपत्रवाल्यांनी शाईत पाणी घालायला सुरुवात केली आहे. शब्दकोडं सोडून दिलं. पेनही तसलंच, म्हणून मी आता या वहीत जाड काळ्या शाईने आणि एक ओळ सोडून लिहिते.

२२ जून

मिडसमर, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा सण. गावातल्या मैदानावर खांब उभारला, फुलं गुंडाळली, पण वाद्यं वाजवायला तिघेच उरलेत. हिल्डिंग जेवायला आला, लोणच्यातले हेरिंग मासे आणि स्वतःच्या परसातले नवे बटाटे घेऊन. आज तो रस्त्याने आला; माझी गाडी अंगणातच उभी होती. दारातच थबकला.

"बार्ब्रू, दिवे का लावलेस?"

"दिसावं म्हणून. आणखी कशासाठी लावतात?"

"अगं, भर दुपार आहे. ऊन आहे. रात्री बारालासुद्धा अंधार पडत नाही सध्या."

"तुझ्या बापाचं काय जातं?"

तो टेबलाशी बसला. कपाळावर आडवा हात धरून जेवला, जणू माझ्या टेबलावर वेल्डिंग चाललं होतं. जाताना त्याने एव्हर्टचा एक दिवा हळूच बंद केला. त्याला वाटलं मला कळणार नाही. लगेच कळलं, कारण ताटातले बटाटे गेले. मी तो पुन्हा लावला, मुद्दाम, त्याच्या नाकावर टिच्चून.

मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. चाळीस वर्षांच्या शेजारात हा माणूस कधी खांद्यावर हात ठेवत नाही. म्हातारपणी माणसं विचित्र होतात.

२० ऑगस्ट

संताप संताप झाला. तुवाला मी घराबाहेर काढलं.

सकाळी आली, डब्या उतरवल्या, आपल्या संगणकातून आलेख काढून टेबलावर पसरला. मी दिव्याखाली धरून पाहिला. बाकीच्या घरांची रेघ कशी, तर डिसेंबरात डोंगर आणि जूनमध्ये सपाट. उत्तरेतल्या घरांत जूनमध्ये दिवा लावतंच कोण? काटकसरी दिवे लावल्यावर त्यांची दिव्यांची वीज निम्म्याहून खाली आली. माझी रेघ लाल होती. माझी मार्चपासून चढत गेलेली. मे, चढ. जून, आणखी चढ.

"तुमची वीज कमी नाही झाली. वाढली," तुवा म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. "आणि ही वेळ बघा. जून, दुपारी बारा ते तीन. स्वयंपाकघर, चार दिवे, रोज. चारशे घरांत असं दुसरं एकही घर नाही."

"मग तुझ्या डब्या खोटारड्या आहेत."

"डब्या मी दोनदा तपासल्या. काकू, एक विचारू का? माझ्या आजीचंही..."

"तुझ्या आजीचं तिला विचार! दिवे मोजायला आलीस, दिवे मोज! आधी नदी घेतली, मग माझे चांगले बल्ब घेतले, आता तुम्हाला माझ्यात खोट काढायची आहे?" आणि शिडी मी स्वतः उचलून पायरीवर नेऊन ठेवली.

ती शिडी घेऊन उभी राहिली. "रागवा हवं तर," म्हणाली. "पण आज दुपारी बारा वाजता सगळे दिवे बंद करून कॉफीचं पाकीट वाचून बघा. मला नका सांगू. नुसतं बघा."

उद्धट कार्टी.

२१ ऑगस्ट

काल नाही केलं. तिच्या सांगण्यावरून मी का करू?

आज केलं. बारा वाजता. ऊन स्वच्छ होतं, ते हातावर लागत होतं. सगळे दिवे बंद केले. पाकीट धरलं. लाल दिसलं. अक्षरं नव्हती. खिडकीपाशी नेलं, तर उजेडच डोळ्यांत दाटला आणि पाकीटही गेलं. डावा डोळा झाकला, भिंतीवरचं कॅलेंडर गेलं. उजवा झाकला, दार गेलं.

मी खुर्चीत बसले. किती वेळ, ते घड्याळात दिसलं नाही.

दिवे चांगले होते. शाई चांगली होती. पेट्या हलल्या नव्हत्या.

आधी राग आला तो त्या मुलीचा, मग उल्रिकाचा, मग एव्हर्टचा, मला एकटीला टाकून गेल्याचा. मग रागवायला कुणी उरलं नाही. मी ढसाढसा रडले, सांगून टाकते. डोळ्यांसाठी नाही, गाडीसाठी. डॉक्टरकडे गेलं की ते परवाना काढून घेणार. नाही गेलं तर कुणाला कळणार? मलाच फक्त. आणि त्या मुलीला. आणि त्या सगळ्या डब्यांना.

३० ऑगस्ट

रुग्णालयाच्या सामाईक टॅक्सीने गेले. किल्ली घरी, पिठाच्या डब्यात टाकून. डॉक्टरीणबाई विशीतल्या वाटल्या, पण मला काय दिसतंय म्हणा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले.

"इतके दिवस कसं निभावलंत?"

"दिवे लावून."

"आणि गाडी?"

खोटं तोंडाशी आलं होतं. गिळलं. "चालवत होते," म्हटलं. त्यांनी लिहिणं थांबवलं. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, आणि नंतर तपासणीत दिसलं तर परवाना राहील, नाही दिसलं तर नाही. मी म्हटलं, लिहून द्या तसं.

२८ सप्टेंबर

काल उजवा डोळा झाला. वीस मिनिटं लागली! वीस मिनिटांच्या कामासाठी मी वर्षभर जगाशी भांडले.

आज पट्टी काढली. फ्रीज पांढरा आहे. मला वाटत होतं तो पिवळट आहे, तसाच आणलाय. उल्रिकाने परत धुतलेले कप निळे आहेत आणि तिने न धुतलेले करडे. शेगडीच्या मागे जे काय साठलं होतं ते इथे लिहीत नाही. त्या घाणीत मी माणसांना जेवायला घातलं! शरमेने कान तापले, दिवसभर घासत होते.

संध्याकाळी शेवयांचा दिवा लावला आणि डोळे मिटले. काय झगझगीत आहे! एव्हर्टचे दोन्ही माळ्यावर परत गेले.

१ नोव्हेंबर

दोन्ही डोळे झाले, तपासणी झाली, परवाना राहिला. घर राहिलं. उल्रिकाला फोन करून सगळं सांगितलं, टपालपेटीसकट. ती चांगलीच ओरडली. तुवाला पत्र लिहिलं. माफी मागायची सवय नाही, म्हणून दोन पानं लागली. तिचं उत्तर आलं: माझं घर सरासरीतून वगळावं लागलं, पण ती तो आलेख फेकणार नाही.

१४ नोव्हेंबर २००७

आज पहिल्यांदा अंधारात गाडी काढली. दुकानातून येताना तीन वाजले होते. गावाच्या वळणाच्या अलीकडे सरळ रस्ता आहे, तिथूनच दिसलं. दूर रस्त्याच्या कडेला काहीतरी पेटल्यासारखं पिवळं, त्यावर चांदीच्या दोन आडव्या पट्ट्या, खाली एक पांढरा दिवा, मागे एक लाल. मला वाटलं रस्त्याचं काम चाललंय. वेग कमी केला. जवळ आले तर घसरगाडी, आणि तिच्यावर हिल्डिंग.

मी थांबले. काच खाली केली. तो आधीच कडेच्या बर्फात उतरून उभा होता, गुडघ्यापर्यंत.

"आज ओरडत नाहीस?" म्हणाला.

"हे जाकीट कधी घेतलंस?"

"हे? धरणावरचं आहे. एव्हर्टने दिलं होतं, निवृत्त झाला तेव्हा."

"आणि दिवे?"

"ते त्याच वर्षी बसवले. का गं?"

 "म्हणजे गेल्या वर्षी, त्या दिवशी..."

"होतं अंगावर." तो बर्फातून वर आला नाही. "नंतर मी झाडीतून यायला लागलो. रस्त्यावर तू असायचीस ना."

"मला सांगितलं का नाहीस, मेल्या?"

"सांगितलं असतं तर तुझी गाडी गेली असती. गाडी गेली असती तर तू उमेओला गेली असतीस. मग सहा वाजता मी कुणाची खिडकी बघायची?" त्याने घसरगाडी वर ओढली. "यंदा सांगणारच होतो तुला. मिडसमरला. पण हिंमत झाली नाही."

मी गाडी बंद केली, खाली उतरले आणि त्याच्या डाव्या बाहीवर हात फिरवला. कोपराच्या वर, माझ्या आरशाच्या उंचीवर, चांदीची पट्टी खरवडलेली होती. वीतभर. तिच्यामागे त्याचा दंड होता.

घरी आल्यावर ही वही उघडली आणि गेल्या वर्षीचं आजच्याच तारखेचं पान वाचलं. शेवयांच्या एका दिव्यात, चष्म्याशिवाय, शब्द न् शब्द दिसला. 'आंधळा मेला' असं लिहिलंय मी. चांगल्या ठसठशीत अक्षरात.

सहा वाजले. त्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. मी माझा लावला.